हिरवीची जागा

मालिनीच्या कामाबद्दल तिचा नवरा राजस सगळ्यांना सांगायचा, "बायको डॉक्टर आहे, फक्त पेशंट कागदाचे." हा विनोद त्याचा अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात किमान दोनदा करून झाला होता. मालिनी दर वेळी हसायची, कारण तो तसा खोटा नव्हता. डेट्रॉइटमधल्या एका लहानशा संग्रहालयाच्या तळघरात बसून ती जुने नकाशे, पत्रं, चित्रं दुरुस्त करायची. नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग इथे येऊन या कामाचं शिक्षण, आणि आता अकरा वर्षं हीच नोकरी. नजर, भानामती, मांजर आडवं जाणं यांतल्या कशावरही तिचा काडीचा विश्वास नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी तिच्या टेबलावर एक चित्र आलं. साधारण एकशे नव्वद वर्षांपूर्वीचं, पॅरिसचं. तिथल्या रंगभूमीवर तेव्हा पऱ्या, जलकन्या, प्रेमापायी मरणाऱ्या मुली यांचं फार पेव फुटलं होतं, आणि हे अशाच एका जलकन्येच्या पोशाखाचं चित्र होतं. घोट्यापर्यंत उतरणारा हिरवा झगा, कमरेला लाल शेला, केसांत पाणगवताचा गजरा. चेहऱ्याच्या जागी नुसत्या चार रेघा. पोशाखाच्या चित्रात चेहऱ्याला कोण विचारतो? उजव्या कोपऱ्यात मात्र चित्रकाराची तपकिरी शाईतली लांबलचक सही होती, शेपटीसकट.

मालिनीनं नेहमीप्रमाणे आधी सगळे फोटो काढले, बोटभर जागासुद्धा सोडली नाही. मग एकेक गोष्ट तपासली. कागद लिननच्या चिंध्यांचा, म्हणजे कुणाकुणाच्या अंगावर विरलेल्या सदऱ्यांचा. लाल रंग वाळवलेल्या किड्यांपासून काढलेला. आणि हिरव्यावर तिनं क्ष-किरणांचं यंत्र धरलं तेव्हा पडद्यावर दोनच उंच टोकं आली. तांबं आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. तिला नवल वाटलं नाही. त्या काळातला इतका सुंदर हिरवा दुसऱ्या कशाचा असणार?

नवल वाटलं ते बाह्यरेषेचं. सगळ्या आकृतीभोवती सुईनं टोचलेली बारीक छिद्रं होती.

"म्हणजे ही कॉपी आहे," प्रीता म्हणाली. प्रीता जवळच्याच नोव्हाय गावात जन्मलेली, वाढलेली, आणि आता या प्रदर्शनाची प्रमुख. तिचं मराठी घरात शिकलेलं, इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालणारं. मालिनीला ती 'ताई' म्हणायची. "चित्रकार एकच स्केच करायचा, ताई. मग शिंप्याला एक, टोपीवालीला एक, थिएटरला एक, अशा कॉपीज लागायच्या. छिद्रांतून कोळशाची पूड मारायची आणि मग मुली color करायच्या. दहा-बारा वर्षांच्या. गोल टेबल, आणि each girl एकच रंग. आपला रंग झाला की कागद उजवीकडे सरकवायचा."

"आणि सही?"

"सही शेवटी. तो यायचा, sign करायचा, जायचा." प्रीतानं खांदे उडवले. "Typical, यार."

मालिनीनं मायक्रोस्कोपमधून डाव्या समासाकडे बघितलं. तिथे हिरव्या रंगाचे बारीक ठिपके होते, तांदळाच्या कणीएवढे, ओळीनं सहा. चित्राला लावण्याआधी मुलीनं ब्रश तिथे टेकवून पाहिला होता. आणि झग्याच्या तिसऱ्या चुणीत, रंगाच्या थराखाली, एक केस अडकला होता. फिकट तपकिरी, मुळासकट. ब्रशचा नव्हे, माणसाचा.

"हिरवा रंग करणाऱ्या मुलींचे केस फार गळायचे," प्रीता हळू आवाजात म्हणाली. "ब्रशला टोक यावं म्हणून त्या तो ओठांत धरायच्या. दिवसातून शंभर वेळा. हिरवीची जागा रिकामी झाली की शेजारची सरकायची तिथे. आणि शेजारच्या जागी नवीन मुलगी."

"रिकामी झाली म्हणजे?"

तसं ते विचारायचीही गरज नव्हती.

*

आता मालिनीच्या चुकीबद्दल. ही चूक महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या माणसाकडूनच व्हावी अशी होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना लगेच कळेल. नागपूरच्या शाळेत तिच्या चित्रकलेच्या सरांचा ठाम सिद्धान्त होता की तोंडात घातल्याशिवाय ब्रशला टोक येत नाही. साठ पोरींचा वर्ग एका वेळी ब्रश ओठांत धरून बसलेला असायचा. दोन्ही परीक्षांत मालिनीला ए ग्रेड मिळाली होती. स्वभावाला औषध नाही म्हणतात, आणि हाताच्या सवयीला तर त्याहून नाही.

गुरुवारी सकाळी ती हिरव्याचे सुटलेले पापुद्रे बसवत होती. पातळ जिलेटिनमध्ये ब्रश बुडवायचा आणि पापुद्र्याच्या कडेला टेकवायचा, एवढंच काम. तेवढ्यात फोनवर राजसनं फोटो पाठवला. आन्याच्या शाळेत 'क्रेझी हेअर डे' होता आणि बापलेकींनी मिळून तिच्या काळ्याभोर केसांतली एक बट चक्क गुलाबी रंगवली होती. आठ वर्षांची आन्या कमरेवर हात ठेवून उभी, पुढचे दोन दात पडलेले. मालिनी हसली. हसता हसता तिनं ब्रश उचलला, आणि त्याला टोक यावं म्हणून ओठांत धरला.

चव किंचित गोडसर होती.

ती धावत जाऊन बेसिनवर दहा वेळा चुळा भरून आली. भिंतीवर नियमांचा कागद होता. ब्रश, पेन, बोट, काहीही तोंडाजवळ नेऊ नये. नेल्यास ताबडतोब कळवावं. तो कागद तिनंच लिहिला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिनं मनातल्या मनात हिशेब केला. एवढ्याशा रंगानं काही होत नाही, मुंगीलाही व्हायचं नाही. लाजेपोटी तिनं कुणालाच कळवलं नाही.

संध्याकाळी आन्या शाळेतून दमून आली होती. "भरव ना, आई," म्हणून मागे लागली. जेवणाच्या टेबलावर त्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. मालिनी खिडकीकडे पाठ करून, तिच्या डाव्या हाताला आन्या, समोर राजस. मालिनीनं वरणभात कालवला, चमच्यावर फुंकर मारली, गरम आहे का म्हणून तो ओठांना लावून बघितला, आणि तोच चमचा लेकीच्या तोंडात दिला. सगळ्या आया करतात तसं. पाचवा की सहावा घास देताना तिचा हात मध्येच थांबला.

नागपूरला तिची आई उष्ट्या-खरकट्याचं भारी बघायची. "उष्टं घेतलं की त्याचा वाटा घेतला," असं म्हणायची. मालिनी तिची चेष्टा करायची. आता तिला आपल्याच ओठांची शिसारी आली.

"What, आई? दे ना."

"गार झालाय गं," मालिनी म्हणाली, आणि उठून दुसरा चमचा घेऊन आली.

*

शुक्रवारी सकाळी समासात सात ठिपके होते.

तिनं परत मोजले. सोमवारचा फोटो काढून शेजारी ठेवला. फोटोत सहा, कागदावर सात. सातवा ठिपका ओळीतच होता, बाकीच्यांइतकाच बारीक, फक्त त्याला जुन्या रंगाला पडतात त्या भेगा नव्हत्या. तो नवा होता. तिनं यंत्र धरलं. तांबं आणि सोमल. असा रंग आता कुणी करत नाही, विकत तर नाहीच. तिच्या कपाटात तो असण्याचा प्रश्नच नव्हता. दाराची कुलूप-नोंद बघितली, रात्रभरात कुणी आत आलेलं नव्हतं.

प्रीतानं दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं. "Light वेगळा असेल, ताई. You're tired."

"असेल," मालिनी म्हणाली. वाद घालायचा तर ब्रशची गोष्ट सांगावी लागली असती.

शनिवारी दुपारी बाहेर बर्फ पडत होतं आणि आन्या जेवणाच्या टेबलावर व्हॅलेंटाइनची कार्डं रंगवत बसली होती. वर्गातल्या चोवीस मुलांसाठी चोवीस, नाहीतर इथे कुणाला तरी वाईट वाटतं. मालिनी चहा घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहिली.

आन्यानं ब्रश ओठांत धरून फिरवला. त्याला सुईसारखं टोक आलं. कार्डाच्या कडेला तिनं एक ठिपका दिला. मग बदामात लाल रंग भरला, रेघेच्या बाहेर केसभरही न जाता. ही तीच मुलगी, जिला कालपर्यंत रेघेच्या आत काही भरताच येत नव्हतं. तिनं दुसरा ठिपका दिला, आणि कार्ड उजवीकडे सरकवलं.

"आन्या, ब्रश तोंडात घालायचं कुणी शिकवलं तुला?"

"Nobody."

"मग?"

"घालावाच लागतो, आई. नाहीतर it goes over the line."

मालिनीनं सरकवलेली कार्डं बघितली. सगळ्यांत बदाम लाल होते. देठ, पानं, सगळं कोरं.

"आणि पानं? हिरवा नाही लावणार?"

आन्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. प्रश्नच विचित्र असावा, तसं. "हिरवा तुझा ना. माझा फक्त red आहे."

तिनं कपाटातले, दप्तरातले, सगळे रंग आणि ब्रश गोळा करून वरच्या फळीवर ठेवून दिले. आन्या रडली. राजस म्हणाला, "अगं, पोरगी कार्डं तर करतेय, यार! काय झालंय तुला?" त्याला तिनं सांगितलं. ब्रशचं सांगितलं, चमच्याचं सांगितलं. ठिपक्याचं मात्र नाही सांगितलं, कारण ते सांगण्यासारखं नव्हतं. राजसचा चेहरा पांढरा पडला.

सोमवारी दोघींची तपासणी झाली. मालिनीनं डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. अहवाल गुरुवारी येणार होते. ते तीन दिवस कसे गेले ते एका आईलाच माहीत. मन चिंती ते वैरी न चिंती. ती आन्याच्या उशीवरचे केस वेचून बघायची. जिभेचा रंग बघायची. रोज सकाळी तळघरात जाऊन ठिपके मोजायची. सातच्या सात. आठवा आला नाही.

गुरुवारी सकाळी दहाला फोन आला. दोघींचंही सगळं ठीक, काळजीचं कारण नाही.

मालिनी टेबलावर डोकं ठेवून रडली. मग तिनं प्रीताला बोलावून सगळी चूक कबूल केली. प्रीतानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मालिनी म्हणाली, "एक कर माझ्यासाठी. भिंतीवरच्या पाटीवर फक्त त्या सहीवाल्याचं नाव नको. त्या मुलींबद्दलही लिही."

"नावं माहीत नाहीत, ताई."

"नावं माहीत नाहीत, असं लिही."

"लिहिते," प्रीता म्हणाली. "Promise."

मालिनीच्या जिवात जीव आला. तिनं घरी फोन केला. शाळेला बर्फाची सुट्टी होती आणि राजस घरूनच काम करत होता. "सगळं नॉर्मल आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला हलका वाटला. "तिचे रंग दे काढून. उद्या पार्टी आहे, कार्डं राहिलीत बिचारीची. फक्त ब्रश तोंडात घालू देऊ नकोस."

"देतो," राजस म्हणाला. "तू लवकर ये."

*

तीन वाजता चित्र काचेत जायचं होतं. त्याआधी शेवटची एकदा तपासणी. हिरवा बसला होता. छिद्रं जशीच्या तशी. राहिला लाल शेला. लाल रंग पहिल्यापासून धडधाकट होता, म्हणून मालिनीनं तो मायक्रोस्कोपखाली नीट असा कधी बघितलाच नव्हता. माणूस दुखऱ्या जागेकडेच बघतो.

तिनं भिंग फिरवलं. लाल रंग स्पष्ट झाला.

रंगाच्या थराखाली एक केस होता.

काळाभोर. जाड. मुळासकट. रंगाच्या जुन्या भेगा त्याच्यावरून गेल्या होत्या, म्हणजे तो रंग ओला असतानाच पडलेला, आणि रंगाबरोबरच वाळलेला.

मालिनीनं कागद इंचभर सरकवला. केस शेल्याच्या गाठीतून पुढे गेला होता. गाठीपलीकडे त्याचा रंग बदलत होता.

तिथून पुढे तो गुलाबी होता.

तिनं डोळे मिटले, उघडले. मग संगणकावर सोमवारचे फोटो काढले. चित्र आलं त्या पहिल्या सोमवारचे. शेल्याचा फोटो तिनं मोठा केला, आणखी मोठा केला.

केस होता. गुलाबी टोकासकट. फोटोच्या खाली तारीख होती, दोन फेब्रुवारी. आन्याच्या केसांना गुलाबी रंग लावला होता पाच तारखेला.

तिनं फोन लावला. राजसनं उचलला नाही. परत लावला. मग ती कोट न घालताच गाडीकडे धावली.

*

हायवेवर गाड्या बर्फातून रांगत होत्या. घरी पोचेपर्यंत साडेचार झाले. राजस वर मीटिंगमध्ये होता, त्याचा आवाज जिन्यातून ऐकू येत होता. नेहमीसारखाच, कंटाळलेला.

आन्या जेवणाच्या टेबलावर बसली होती. खिडकीकडे पाठ करून.

"ती माझी खुर्ची आहे, आन्या," मालिनी म्हणाली. तिला धाप लागली होती.

"I know."

"मग तू तिथे का बसलीस?"

आन्यानं ब्रश ओठांत धरला, फिरवला, बाहेर काढला. तिच्या खालच्या ओठाच्या मधोमध हिरवी रेघ उमटली होती. समोरच्या कार्डावरचं पान ती भरू लागली, अगदी सावकाश, रेघेच्या आत.

"हिरवीची जागा रिकामी झाली की शेजारची सरकते," ती म्हणाली. मराठीत, एकही इंग्रजी शब्द न घालता.

हे वाक्य या घरात कधीच कुणी बोललं नव्हतं.

मालिनीला सगळं एकदम समजलं. हिरवीची जागा का रिकामी होते, ते तिला प्रीतानं सांगायची गरज तेव्हाही पडली नव्हती. तोंडात तीच गोडसर चव आली. तिला स्वतःची भीती वाटली नाही. भीती वाटली ती त्या खुर्चीवरच्या लेकराची. तिनं पुढे होऊन आन्याच्या हातातला ब्रश हिसकला, तिला उचलून छातीशी धरलं. आन्याचा हात हवेतच राहिला. बोटं अजून ब्रश धरल्यासारखी.

"आई, थांब ना," ती म्हणाली. "ती पुढचं देतेय."

मालिनीनं डावीकडे बघितलं. आन्याची रोजची खुर्ची थोडी मागे ओढलेली होती. समोर एक बदाम भरलेलं कार्ड होतं, अजून ओलं. शेजारी पाण्याची वाटी.

वाटीतल्या पाण्यात लाल रंग अजून गोल गोल फिरत होता.